पहिली जोडी घेणाऱ्याच्या गळ्यात पंचेचाळीस मारू नका

पाचच गोळ्या (डॅलस):

आमच्या मंडळातला एक मित्र यंदा काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग या नेमबाजीच्या खेळाच्या नादाला लागला. दोनदा नुसता बघायला आला, तिसऱ्या वेळी डोक्यावर हॅट. चौथ्या वेळी .४५ कोल्ट काडतुसाच्या इटालियन रिव्हॉल्व्हरांची जोडी घेऊन हजर. कोणी सांगितलं? तर सगळ्यांनी. 'घ्यायची तर पंचेचाळीसच, बाकी सगळी खेळणी.' तिसऱ्या सामन्यात ऐन स्टेजमध्ये, म्हणजे एका फेरीत, एका रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग तुटली आणि सिलिंडर फिरायचा थांबला. पोरगं तसंच उभं, टायमर चालू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या जमान्यातल्या धाटणीच्या चार बंदुका लागतात. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन. सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. लोखंडी पाट्यांवर वेळ लावून मारायचं आणि चुकलेल्या दर गोळीला पाच सेकंद दंड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात हे सुरू झालं; १९८७ पासून सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी नियम बघते. सभासदाला टोपणनाव घ्यावं लागतं आणि ते दुसऱ्या कोणाचं असून चालत नाही.

आता माझं म्हणणं. नव्या माणसाने रूगर कंपनीचं न्यू व्हकेरो रिव्हॉल्व्हर घ्यावं, तेही .३५७ काडतुसाचं, आणि त्यात .३८ स्पेशल हे हलकं काडतूस मारावं. कारणं साधी आहेत. आमच्या क्लबात महिन्याला सहा स्टेज. एका स्टेजला रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलीच्या दहा. म्हणजे एका सकाळी १२० काडतुसं, सराव वेगळा. आमच्याकडच्या दुकानात पंचेचाळीसची पेटी अडतीसच्या दीडपटीला सहज जाते. दुसरं म्हणजे धक्का. सोसायटीच्या नियमात पॉवर फॅक्टरची, म्हणजे गोळीच्या जोराच्या आकड्याची, खालची मर्यादा ६०. गोळीचं वजन ग्रेन या छोट्या मापात, वेग सेकंदाला फुटांत, गुणाकाराला हजारने भागा. १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांनी गेली तरी ६३ भरतात. हातात फक्त 'फुस्स' होतं, नेम हलत नाही. जिंकणाऱ्यांपैकी बहुतेक हेच मारतात.

तिसरं, रूगरच्या आत वळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. जुन्या कोल्टच्या धाटणीत पातीच्या. पाती कधी ना कधी तुटते. पंचेचाळीस ही दुसरी जोडी म्हणून जरूर घ्या.

अर्धा घोडा (ह्यूस्टन):

तीव्र असहमत. धागाकर्त्याने हिशेब सगळा मांडला, खेळ तेवढा वगळला.

१८७३ च्या कोल्टचा घोडा सावकाश मागे ओढा. चार वेळा 'टक' ऐकू येतं. टक, टक, टक, टक. अर्ध्यावर थांबवला की सिलिंडर मोकळा, गेट (बाजूची झडप) उघडून एकेक काडतूस आत. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. रूगरमध्ये गेट उघडलं की सिलिंडर आपोआप सुटतो, घोड्याला हात लावायची गरज नाही. सोय झाली हे कबूल. पण सोयच हवी असेल तर उन्हात लोकरीचा वेस्ट घालून तिथे कशाला उभं राहायचं?

आणि 'फुस्स' बद्दल. तुमची गोळी लागली की चुकली हे तीन स्पॉटर, म्हणजे बघणारे पंच, ठरवतात, त्यांतल्या दोघांचं जुळलं पाहिजे. पंचेचाळीसची २०० ग्रेनची गोळी पाटीवर बसली की 'ठण्ण' अख्ख्या रेंजला कळतं. तुमची १०५ ग्रेनची गोळी पाटीला विचारून लागते. वारा असला, शेजारच्या स्टेजवर शॉटगन चालू असली, तर स्पॉटरने काय ऐकायचं? पाच सेकंदांचा दंड मग काडतुसाच्या पेटीवर लिहिलेला नसतो.

काळी दारू (ओक्लाहोमा):

दोघांनाही .४५ चा उपयोग कळलेला नाही. हे काडतूस १८७३ चं. त्याची उंच नळकांडी काळ्या दारूसाठी बनवलेली, सुरुवातीच्या काडतुसात ४० ग्रेन दारू मावायची. आता त्यात तुम्ही बिनधुराची चिमूटभर पावडर टाकता. उरलेली जागा हवेची. काडतूस आडवं की तिरकं, त्यावर पावडर कुठे सरकते आणि कशी पेटते ते बदलतं. दाब इतका कमी की पितळ फुगून चेंबरला घट्ट बसत नाही, मग काजळी मागे येते. विशेषतः रायफलीत, गालावर. हलकंच मारायचं असेल तर अडतीस घ्या, धागाकर्ता त्यापुरता बरोबर. पंचेचाळीस घेणार असाल तर काळ्या दारूने गच्च भरा आणि मग मजा बघा. दुसऱ्या गोळीनंतर धुरात पाटी दिसत नाही, आठवणीवर मारायचं.

एक इशारा. काळ्या दारूला पेट्रोलियमचं तेल चालत नाही, काजळीत मिसळून डांबर होतं. वंगण म्हणून मेण आणि चरबी लागते. (काडतूस आणि चरबी म्हटल्यावर आपल्याकडे १८५७ आठवतं, मलाही आठवलं.) म्हणून मी आधी मेणात खोबरेल घालून बघितलं. जूनच्या उन्हात ते पातळ होऊन होल्स्टरमध्ये उतरलं. दोन महिने कमरेच्या पट्ट्याला वेणीफणीचा वास येत होता. आता मेण आणि ऑलिव्ह तेल.

स्टँपिंगच्या रांगेत (न्यू जर्सी):

मधेच घुसतोय. एच-१बी वर असताना हे घेता येतं का? ग्रीन कार्ड माझ्या हयातीत येईल असं वाटत नाही.

पाचच गोळ्या (डॅलस):

@स्टँपिंगच्या रांगेत, आधी हे नीट वाचा. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. संघराज्याच्या कायद्यानुसार अशांना बंदूक आणि काडतूस बाळगायला मुळात बंदी आहे. अपवाद ठरलेले आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. त्यावर तुमच्या राज्याचे नियम वेगळे, आणि न्यू जर्सीचे कडक. 'मित्राचं आहे, मी नुसतं हातात धरलं' हेही बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवर जाऊ नका. तोवर हॅट घ्या, तिला बंदी नाही.

रंकाळा (कोल्हापूर):

भावा, एक विचारू? ह्या पाट्या किती लांब असत्यात?

पाचच गोळ्या (डॅलस):

रिव्हॉल्व्हरच्या सात ते दहा यार्डांवर, साधारण.

रंकाळा (कोल्हापूर):

सात यार्ड! आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ५० मीटरवर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. तुम्ही सात यार्डावर ताटाएवढी पाटी मारणार आन् वर कुठलं काडतूस म्हणून भांडणार. हे शूटिंग न्हवं, सोंग हाय.

फिनिक्सची ताई:

रंकाळाभाऊ, सोंग आहेच. मी पन्नाशीला आले, कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू मारलेली आहे, पडून, श्वास धरून. ते वेगळं. इथे चार बंदुका, चोवीस-पंचवीस गोळ्या आणि 'आधी डावीकडच्या दोन, मग मधली, मग परत' असली क्रमवारी डोक्यात ठेवून अर्ध्या मिनिटात मोकळं व्हायचं. क्रम चुकला तर दहा सेकंद दंड. एकदा करून बघा, मग ताट किती मोठं ते सांगा.

आता मूळ भांडण. तिन्ही पुरुषांनी काडतुसावर निबंध लिहिला. हाताचं कोणी बोललं नाही. माझा हात लहान. सात नंबरचा हातमोजा मला सैल होतो. जुनं व्हकेरो, न्यू व्हकेरो यायच्या आधी बनत होतं ते, माझ्या मुठीत बसायचंच नाही, अंगठा घोड्यापर्यंत पोचवायला मूठ फिरवायची आणि परत धरायची. २००५ ला न्यू व्हकेरो आलं ते कोल्टच्या मापाजवळचं, तेव्हा कुठे जमलं. म्हणजे रूगर की इटालियन या आधी, कुठलं रूगर हा प्रश्न आहे. जुन्याची आणखी एक खोड: काडतुसं काढताना सिलिंडर 'टक' वाजला की भोक काडतूस ढकलणाऱ्या दांडीच्या पुढे गेलेलं असायचं, परत अख्खा फेरा. नव्यात 'टक' ला बरोबर समोर येतं. अनलोडिंगच्या टेबलावर मागे रांग लागलेली असते तेव्हा याची किंमत कळते.

आणि कुठल्या गटात मारणार ते आधी ठरवा. दोन्ही हातांनी धरणार असाल तर घोडा डाव्या अंगठ्याने ओढला जातो, मग त्याचा आकार तितका नडत नाही. ड्युएलिस्टमध्ये एकाच हाताने सगळं, तिथे बुटका, रुंद घोडा हवा. गनफायटरमध्ये दोन हातांत दोन. मी ड्युएलिस्ट मारते, पावणेपाच इंचांच्या आतली नळी, .३५७. साडेसात इंची नळी होल्स्टरमधून बाहेर येईपर्यंत माझं खांद्याचं दुखणं बाहेर येतं.

अर्धा घोडा (ह्यूस्टन):

ताईंशी वाद नाही. पण एक मुद्दा कोणी खोडला नाही. हा खेळ एकोणिसाव्या शतकाचा आहे. .३५७ १९३० च्या दशकातलं, व्हकेरो तर १९९३ चं. मग मी सरळ म्हणतो, तुम्ही काउबॉयच्या वेशात आधुनिक पिस्तूल मारता.

पाचच गोळ्या (डॅलस):

बरं, शतकच काढलं आहे तर होऊन जाऊ द्या. अर्धा घोडा, तुमची १८७३ धाटणीची रायफल कुठल्या काडतुसाची? .४५ कोल्टची, मी बघितली आहे. मूळ विंचेस्टर १८७३ कधीच .४५ कोल्टमध्ये बनली नाही, ती .४४-४० ची. म्हणजे तुमच्या कमरेला इतिहास आणि खांद्याला भाकडकथा. खरं मारायचं असेल तर .४४-४० घ्या आणि रिलोड करताना, म्हणजे वापरलेली नळकांडी परत भरताना, दर पाचव्या नळकांडीची ती पातळ मान चेपून बघा.

स्पॉटरचं मात्र काही प्रमाणात मान्य. १०५ सोडून मी १२५ ग्रेनवर आलोय. आणि नियमही विसरू नका: शंका असली तर फायदा मारणाऱ्याला. चुकली हे स्पॉटरला पक्कं ठाऊक असेल तरच चुकली.

रूगरची बाजू सांगतो तर तिचा दोषही सांगतो. नव्या डब्यातून काढलेलं घोड्याला जड असतं. लोक हलकी स्प्रिंग बसवतात, मग घोडा मऊ पडतो आणि कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) पेटत नाही. फेडरल कंपनीचे मऊ प्रायमर शोधत फिरावं लागतं. खरं कोल्ट घ्या असं मी मुद्दाम म्हटलं नाही, एका खऱ्या कोल्टच्या पैशात रूगरची जवळजवळ दोन येतात. ज्याला आजोबांनी ठेवलेलं मिळालंय त्याने ते मारावं.

काळी दारू (ओक्लाहोमा):

आजोबांनी ठेवलेलं असेल तर ते हातोड्याने मारू नये, एवढंच.

रंकाळा (कोल्हापूर):

ताई, क्रमवारीचं पटलं. व्हिडिओ बघितला एक. रायफल लय भारी चालवत्यात. पण सहा घराच्या पिस्तुलात पाचच का भरत्यात? एक गोळी वाचवायला?

फिनिक्सची ताई:

जुन्या कोल्टमध्ये भरलेल्या घरावर घोडा टेकला आणि वरून धक्का बसला, तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखाली रिकामं घर. रूगरमध्ये ट्रान्सफर बार (चाप दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका पोचू न देणारी पट्टी) आहे, त्याला तशी भीती नाही, पण नियम सगळ्यांना एकच. लोडिंगच्या टेबलावर पुटपुटत करायचं: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ आणि हळूच रिकाम्यावर उतरव. मी अजून पुटपुटते. शेजारचा अमेरिकन म्हातारा समजतो मी कसलं तरी स्तोत्र म्हणते.

गंजका खिळा (डॅलस):

धाग्याच्या पहिल्या ओळीतला 'मित्र' मीच. सगळं वाचलं. काही खुलासे.

एक, स्प्रिंग तुटली हे खरं. पण धागाकर्त्याने हे नाही सांगितलं की आदल्या रविवारी त्याच्याच गॅरेजमध्ये, त्याच्याच कानसीने, 'थोडी पातळ केली की घोडा लोण्यासारखा ओढला जातो' असं म्हणत आम्ही ती घासली होती. बनवणाऱ्याचा त्यात काय दोष. नवी पाती काही डॉलरला आली, बसवायला वीस मिनिटं लागली, आता खिशात दोन जादा असतात.

दोन, पंचेचाळीस मी विकणार नाही. महाग पडते, म्हणून आता घरी रिलोड करायला शिकतोय. बायको म्हणते जेवणाच्या टेबलावर शिसं नको, तेही गॅरेजमध्ये हलवलं.

तीन, गेल्या शनिवारी चौथ्या स्टेजला धागाकर्त्याची एक गोळी चुकलेली धरली, त्यावर त्याने घरी जाताना चाळीस मिनिटं डोकं खाल्लं. तिघांत एक स्पॉटर मी होतो. शंका नव्हती. पाटीच्या डाव्या अंगाला माती उडाली ती मी डोळ्यांनी बघितली.

पाचच गोळ्या (डॅलस):

माती आधीच्या गोळीची होती.