मीठ घेण्याआधी तिथलं तापमान विचारा
वर बेळगावच्या काकांनी विचारलंय, कॅनडात मुलाच्या दारातला बर्फ वितळवायला साधं मीठ चालेल की कॅल्शियम क्लोराइडच हवं?

काका, उणे ९ अंशांपर्यंत साधं मीठ पुरतं. २३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ पर्यंत गोठत नाही हे खरं, पण तेवढ्या थंडीत कोरडा खडा बर्फावर नुसता पडून राहतो. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता सोडतं, म्हणून उणे २५ लाही काम करतं. महाग आहे, शिवाय हवेतला ओलावा ओढतं; पोतं उघडं ठेवायचं नाही.

आधी फावड्यानं बर्फ काढायचा, मग चौरस मीटरला २० ग्रॅम, बस्स. दोन्हींतलं क्लोराइड कुजत नाही, सरळ ओढ्या-विहिरीत उतरतं. काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, झाडांची पानं कडेनं करपतात. मिठाऐवजी युरिया तर नकोच.

बीटचा रस मिसळलेलं मिठाचं पाणी ‘सेंद्रिय’ म्हणून विकतात. रस्त्याला धरून राहतं, मीठ कमी लागतं. पण मळी ओढ्यात गेली की मासे का मरतात, हे आपल्या चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात सांगायला नको. तिथंही साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते.

काँक्रीट नवं असेल तर पहिला हिवाळा फक्त जाड वाळू टाकायला सांगा.