‘दारफळणी’, ‘अनाशी ढाक’, ‘शिळा सण’ : या नावांची फोड कशी करावी?

प्रश्न

ठाण्याच्या आमच्या चाळीत समोरच्या बिऱ्हाडी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, कुटुंब राहत असे. भाद्रपद संपता संपता त्यांच्याकडून चिकाच्या हलव्याच्या वड्या येत आणि त्या घरातल्या आजी ताटली हाती देताना ‘नव्याच्या सणाचा आहे’ एवढेच म्हणत. ‘रोश हशाना’ हे ज्यूंच्या नववर्षाचे नाव मला पुष्कळ पुढे वर्तमानपत्रातून कळले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये छापून निघालेला बेने इस्रायलींचा इतिहास चाळताना अशा नावांची रांगच भेटली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे ही घरगुती मराठी नावे रोमन लिपीत उतरली आहेत आणि परत देवनागरीत आणताना ‘दार’ की ‘दर’, ‘अनाशी’ की ‘आणशी’, असा घोळ होतो. यांतल्या दारफळणीची आणि अनाशी ढाकाची व्युत्पत्ती जाणकारांनी सांगावी. शिवाय मराठी बायबलात ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ आणि ‘वल्हांडण’ असे शब्द असताना ही वेगळी नावे कशासाठी पडली असावीत?

प्रतिसाद

आपल्या शेवटच्या प्रश्नातला क्रम उलटा करून पाहावा, म्हणजे पुष्कळसे उलगडते. घरगुती नावे आधीची आहेत. मराठी बायबल एकोणिसाव्या शतकातले. त्यापूर्वी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गावांतून तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’जवळ हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, उरली होती ती सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे विधिनिषेध आणि ‘शमा’ची, म्हणजे देव एकच असल्याच्या ग्वाहीची, प्रार्थना. ग्रंथ नसेल तेव्हा सणाचे नाव धर्मतत्त्वावरून कसे पडणार? त्या दिवशी घरात काय करायचे, कोणते भांडे काढायचे, कोणते झाकायचे, यावरूनच ते पडते.

दारफळणी म्हणजे दारे लावून घेणे. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे योम किप्पुरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी), घरातली लहानथोर माणसे स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून उपाशी आत बसत आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळत. ‘फळणी’चा संबंध मी फळीशी लावतो. कोकणात जुन्या दुकानांना उभ्या फळ्या एकीशेजारी एक खाचेत सरकवून दार बंद करण्याची रीत होती, आणि त्या बसवण्याच्या क्रियेलाच हे नाम असावे, असा माझा तर्क आहे. म्हणून ‘दर’ऐवजी ‘दार’ लिहावे.

‘अनाशी ढाका’त ‘ढाक’ सोपे आहे, कारण ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे. अनास हे आंबट पातळ कालवण साठवण्याचे मातीचे भांडे. पेसाहमध्ये, म्हणजे वल्हांडणात, आंबवलेले वर्ज्य असते ते मिसरमधून घाईने निघालेल्या पूर्वजांच्या बिनखमिराच्या भाकरीची आठवण म्हणून. ती कथा विस्मरणात गेली, तरी आठ दिवस आंबटाचे भांडे झाकायचे एवढी गोष्ट घरातल्या बायकांनी सोडली नाही. तांदळाची भाकरी खाणाऱ्या घरात खमीर मुळात होतेच कुठे? आंबण्याची ओळख पटावी असे एकच ठिकाण स्वयंपाकघरात होते, आणि निषेध नेमका तिथे जाऊन बसला. मला हे विस्मरणाचे उदाहरण वाटत नाही. स्मरण इतके चोख क्वचितच राहते. ‘वल्हांडण’ हा शब्द सुरेखच आहे, ओलांडण्यावरून आलेला. पण तो पोथीतला शब्द आहे आणि ‘अनाशी ढाक’ चुलीजवळचा.

प्रतिसाद (लोद, इस्रायल येथून)

आमच्या घरातल्या वापराबद्दल लिहिते. माझी सासू ‘रोजा’ आणि ‘सण’ हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवत असे, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन, म्हणजे आव महिन्याची नववी तिथी, तिच्या तोंडी नेहमी ‘बिरड्याचा रोजा’ असे. ग्रंथात ‘सण’ छापले असले तरी दुखवट्याच्या दिवसाला सण म्हणणे तिला रुचले नसते. उपास सोडताना वालाचे बिरडे. वाल आदल्या दिवशी भिजवून, मोड आणून, मग सगळ्या मुलांना परातीभोवती बसवून एकेक दाणा चिमटीत धरून सोलून घ्यायचे, आणि ते चालू असतानाच ती यरुशलेमच्या पाडावाची हकिकत सांगे. माझ्या मुलांना ती हकिकत शाळेतही शिकवली गेली, परंतु विचाराल तर त्यांना वालाची निसटणारी सालेच आधी आठवतात.

पेसाहपूर्वी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई आणि घराला चुना, हे आमच्या आजोळी ठरलेले. बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायचा आणि तो दारावर लावायचा, ही चालही होती. तिच्यात मात्र ‘ओलांडण्या’ची मूळ कथा शाबूत दिसते, त्यामुळे ती ग्रंथ परत हाती आल्यानंतरची असावी. त्या काळाची साक्ष म्हणून पुण्यात १८७४ मध्ये छापलेली मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, पाहावी. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. इकडे पेसाह सातच दिवसांचा असतो. बेदाणे भिजवून काढलेले सरबत आम्ही अजूनही किद्दुशला, म्हणजे द्राक्षरसाच्या प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, घेतो, आणि त्याला ‘वाइन’ न म्हणता ‘सरबत’च म्हणतो.

प्रतिसाद

‘नव्याचा सण’ याचा अर्थ सर्वजण नवे वर्ष असा धरतात. तो चुकीचा नाही, तरी कोकणात ‘नवे’ म्हणजे नवे धान्यही. आश्विनात दाराला नव्या भाताची लोंबी बांधतात त्यालाही ‘नवे बांधणे’ म्हणतात, आणि तिश्री महिना साधारण त्याच सुमारास येतो. पाठोपाठ चौथ्या दिवशी खिरीचा सण असल्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असावेत. ‘होळीचा सण’ म्हणजे पुरीम, एस्तेर राणीच्या कथेचा सण. तो अदार महिन्याच्या १४ तारखेला आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे चंद्र तोच, पुरणपोळीही तीच. यावरून कोणी धर्माची सरमिसळ काढू नये. शेजाऱ्याला कळेल असे नाव सांगितले, इतकेच. सिनेगॉगलाही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरालाही, मुंबईत ‘मशीद’ म्हणत आणि १७९६ च्या त्या वास्तूवरून लोकलचे मस्जिद स्थानक ओळखले जाऊ लागले, हे इथे आठवते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘दारफळणी’ दीर्घ ‘दा’ने, स्त्रीलिंगी, अशीच नोंद माझ्या वहीत केली. राहिला ‘शिळा सण’. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म करून सोयऱ्यांच्या भेटी घेण्याचा हा दिवस असल्यामुळे, ‘शिळा’ म्हणजे इथे सणाचा उरलेला दिवस असे मी धरतो. आपण सणाच्या दुसऱ्या दिवशी शिळी पोळी खातो तसा. चाळीतल्या त्या आजींचे दार आदल्या दिवशी दिवसभर बंद असे आणि आम्हां मुलांना तिथे खेळायला मनाई असे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वतः प्रत्येक बिऱ्हाडाचा उंबरा चढून येत आणि ‘काल बोलले नाही हो’ म्हणत आत बसत.