‘कॅसेट’, ‘टेप’ की ‘ध्वनिफीत’?

प्रश्न

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या एका संग्रहाची मराठी सूची मी तयार करत आहे. संग्रहात कॅसेट आहेत, मोठी रिळे आहेत आणि काही तबकड्याही आहेत. ‘कॅसेट’ हा परका शब्द टाळून सर्वत्र ‘ध्वनिफीत’ लिहावे, अशी सूचना मला करण्यात आली आहे. परंतु ‘ध्वनिफितीला तडा गेला आहे’ किंवा ‘ध्वनिफितीचे स्क्रू गंजले आहेत’ असे लिहिताना हात अडखळतो. हे दोन शब्द खरोखर समानार्थी आहेत का, आणि बोलण्यातल्या ‘टेप’ या शब्दाला सूचीत जागा द्यावी का?

पहिले उत्तर

आपला हात योग्य ठिकाणी अडखळला आहे. कॅसेट म्हणजे डबी. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘लहान पेटी’ असाच आहे. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॅसेटचे नावीन्य फितीत नव्हते, तर ती फीत दोन लहान चकत्यांसह एका बंद प्लास्टिकच्या कवचात बसवण्यात होते, कारण त्यामुळे फितीला हात न लावता ती यंत्रात घालणे कोणालाही शक्य झाले. चुंबकीय फीत त्याआधीच अस्तित्वात होती. अभियंते फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ सालीच कागदी पट्टीवर लोहाच्या भुकटीचा थर देऊन ती तयार केली होती.

म्हणून आपल्या संग्रहातल्या मोठ्या रिळावर जी आहे ती निःसंशय ध्वनिफीतच, पण ती कॅसेट नव्हे. आणि प्रत्येक ध्वनिकॅसेटमध्ये ध्वनिफीत असतेच. दोन्हींना एकच नाव दिले, तर पुढे सूची वाचणाऱ्याला कोणते यंत्र लागेल हेच कळणार नाही. वस्तूच्या रकान्यात ‘कॅसेट’, ‘रीळ’ किंवा ‘तबकडी’ लिहावे. दोष नोंदवताना मात्र आणखी नेमके व्हावे: कवच फुटले आहे, फीत तुटली आहे, फितीला चुण्या पडल्या आहेत, फितीमागची नमद्याची गादी निघाली आहे. ही शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण ती गादी नसेल तर फीत वाचक-शीर्षाला (यंत्रातल्या ‘हेड’ला) नीट टेकत नाही, आवाज दबका येतो आणि ऐकणाऱ्याला मुद्रणच खराब असल्याचा समज होतो.

दुसरे उत्तर

‘टेप’ सूचीत नको, असे माझे ठाम मत आहे. तो शब्द कमी प्रतीचा आहे म्हणून नव्हे, तर तो एकाच वेळी फार कामे करतो म्हणून. ‘टेप बिघडला’ म्हटले की आपण यंत्राविषयी बोलत असतो, ‘टेप गुंतली’ म्हटले की आतल्या पट्टीविषयी, आणि ‘भाषण टेप केले’ म्हणताना तो क्रियेचा भाग होतो. बोलताना पुल्लिंग की स्त्रीलिंग यावरूनच ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. रकान्यातल्या सुट्या शब्दाला तो आधार मिळत नाही. एकच गोष्ट वारंवार सांगणाऱ्याविषयी ‘याची टेप पुन्हा सुरू झाली’ असेही आपण म्हणतो, आणि तिथे ‘ध्वनिफीत’ घालून पाहिल्यास वाक्यातला जीवच निघून जातो.

‘भरणे’ हे क्रियापद मात्र जरूर जपावे. ‘कोरी कॅसेट’, ‘भरलेली कॅसेट’, ‘गाणी भरून घेतली’ हे चांगले, सोपे मराठी आहे. मागच्या कडेची प्लास्टिकची पाकळी मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही, हे या शब्दांत कोणालाही समजते.

वृत्तपत्रांत आज ‘ध्वनिफीत’ आणि ‘चित्रफीत’ हे शब्द मोबाइलवरच्या मुद्रणांसाठीही सर्रास वापरले जातात, जिथे फीत मुळीच नसते. म्हणजे ‘ध्वनिफीत’चा अर्थ वस्तूकडून मुद्रणाकडे सरकला आहे, आणि सूचीत तो शब्द एकटा ठेवू नये याचे हे आणखी एक कारण आहे.

तिसरे उत्तर

लेखनाविषयी थोडेसे. ‘ध्वनि’सारखे मुळात ऱ्हस्व इकारान्त असलेले तत्सम पद समासात पहिले आले की ऱ्हस्वच राहते, म्हणून ‘ध्वनिफीत’, ‘ध्वनीफीत’ नव्हे. सामान्यरूपात ‘फी’ ऱ्हस्व होते: ध्वनिफितीत, ध्वनिफितींचा. अनेकवचनासाठी ‘कॅसेटी’ आणि ‘कॅसेट्स’ दोन्ही रूढ आहेत. माझा कल ‘कॅसेटी’कडे आहे, कारण त्याला मराठी विभक्ती सहज लागते. ‘साठची’ आणि ‘नव्वदची’ कॅसेट हे बोलीतले शब्दही नोंदीत घ्यावेत. ते दोन्ही बाजूंची मिळून मिनिटे सांगतात, आणि नव्वदची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असल्याने ती जपून चालवावी लागते, हेही जाणकाराला त्यावरून कळते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक अडचण उरते. काही कॅसेटींचे कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले होते. ते फोडून आतली फीत नव्या कवचात बसवावी लागली. अशा वेळी जुना क्रमांक कोणाला द्यावा?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

क्रमांक ध्वनिफितीला द्यावा, कारण आपण जपत आहात ते मुद्रण तिच्यावर आहे. वस्तूच्या रकान्यात ‘कॅसेट, कवच बदललेले’ असे लिहावे, आणि जुन्या कवचावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र व त्यावरचा मजकूर जसाच्या तसा त्याच नोंदीत ठेवावा.