गाडीच्या डॅशबोर्डवर 44 अंश, हवामान खात्याचे 36. सेन्सर बदलायचा का?

कोपरीकर: दुपारी उन्हात लावलेली गाडी काढली की बाहेरचं तापमान 44 दिसतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येही आकडा उतरत नाही. गॅरेजवाला सेन्सर बदला म्हणतो. खरंच गरज आहे का?

ऐरोली_सेक्टर८: एवढ्यावरून बदलू नका. हा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पुढे असतो; काही गाड्यांत बाजूच्या आरशाखाली. म्हणजे बंपरमागचा सेन्सर तापलेल्या डांबरापासून जेमतेम फूट-दीड फूट वर. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर असतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

गाडी उभी असताना कंडेन्सरची आणि इंजिनची गरम हवा सेन्सरभोवती कोंडते. म्हणून बऱ्याच गाड्यांत वेग कमी असेल तर आकडा वर चढू देत नाहीत, आणि इंजिन गरम असताना पुन्हा सुरू केलं तर आधीचाच आकडा धरून ठेवतात. माजिवड्याच्या सिग्नलवर दिसणाऱ्या आकड्याला त्यामुळे फारसा अर्थ नाही. पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग वाचा.

खरी परीक्षा पहाटेची. रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी, इंजिन थंड, फक्त इग्निशन चालू. शेजारी डिजिटल तापमापक धरा. एक-दोन अंशांचा फरक चालतो, पाचचा नाही.

बेलापूर_वायरमन: पहाटेही चूक दिसली तर मल्टीमीटर लावा. सॉकेट काढून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. हा एनटीसी थर्मिस्टर असतो, तापलं की रोध घटतो. 25 अंशांना 10 किलोओहमचा असेल तर 35 ला साधारण साडेसहा किलोओहम यायला हवा. मूळ मूल्य मॉडेलनुसार वेगळं असतं, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा.

आपल्याकडे पावसाळ्यात बंपरमागचं सॉकेट गंजतं. गंजाने रोध वाढतो, म्हणून आकडा कमी दिसतो. वरच्या उदाहरणात 1 किलोओहम वाढला तर 35 ऐवजी 31-32. तुमचा आकडा जास्त आहे, तेव्हा गंजाचा संशय नको. वायर तुटली तर उणे 40 दिसतं किंवा नुसत्या रेघा येतात. अशा वेळी काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरच सुरू होत नाही, आणि लोक उगाच गॅस भरून घेतात!

कोपरीकर: पहाटे तपासलं, फरक एका अंशाचा. पण बंपरचं काम झाल्यापासून चालत्या गाडीतही जास्त दाखवतं.

ऐरोली_सेक्टर८: मग सेन्सर धरून ठेवणारी क्लिप बघा. बंपर काढताना ती तुटते आणि सेन्सर वायरवर लोंबकळत कंडेन्सरला टेकतो. नवी क्लिप बसवा, नसेल तर मूळ जागी केबल टायने पक्का बांधा. टोक मोकळ्या हवेत राहिलं पाहिजे, त्यावर टेप गुंडाळू नका.