मदत हवी आहे: सगळी स्थानकं एका दिवसात केली, हे सिद्ध कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

एका मेट्रो जाळ्यातली सगळी स्थानकं कमीत कमी वेळात करण्याचा विक्रम मला करून बघायचा आहे. दीड वर्ष वेळापत्रकं मांडून मार्ग बसवला आणि तो आता जवळपास जमलाय. गाडी अडली आहे ती पुराव्यापाशी. जाळं कुठलं ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न कुठल्याही जाळ्याला तितकाच लागू पडतो.

नियम मला कसे समजलेत ते आधी सांगते. चुकत असेन तर तिथेच टोका. लंडनच्या भुयारी रेल्वेवर असे प्रयत्न १९५९ पासून नोंदले गेलेत, आणि तिथलीच पद्धत मी आधाराला घेतली आहे. गाडी स्थानकात थांबली पाहिजे, पण आपण उतरलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक मार्गिका पूर्ण फिरायची गरज नाही, स्थानक मात्र एकही सुटता कामा नये. एका मार्गिकेवरून दुसरीवर जाताना चालत, पळत किंवा सार्वजनिक बसने गेलेलं चालतं. टॅक्सी, स्वतःची गाडी, सायकल चालत नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या स्थानकापर्यंत थांबत नाही. खाणंपिणं, स्वच्छतागृह, रखडलेली गाडी, सगळं त्यातच.

मागच्या महिन्यात ६२ स्थानकांची सराव फेरी केली. साडेतीन तास लागले, वेळ माझ्या अंदाजापेक्षा चांगली आली. घरी येऊन सगळे पुरावे पसरले आणि परीक्षक असल्यासारखी तपासायला बसले. माझीच फेरी मला सिद्ध करता येईना.

पहिला घोळ घड्याळांचा. नोंदवहीतल्या वेळा मनगटी घड्याळावरच्या, फोटोतल्या फोनच्या, व्हिडिओतल्या कॅमेऱ्याच्या. घड्याळ आणि फोन यांच्यात १ मिनिट ४० सेकंदांचा फरक निघाला. गाडी स्थानकात उभी राहते अर्धा मिनिट, त्यामुळे काही ठिकाणी नोंदवही म्हणते गाडी सुटली आणि फोटो म्हणतो मी अजून फलाटासमोर आहे. दुसरा घोळ व्हिडिओचा. फाइल ४ जीबीची झाली की माझा कॅमेरा नवी फाइल सुरू करतो आणि मधले काही सेकंद गळतात. नेमकं एक स्थानक त्या फटीत गेलं. तिसरा, नावाच्या पाट्या. उतरायचं नसलं की खिडकीतून फोटो काढावा लागतो, आणि ११ ठिकाणी पाटीऐवजी खांब आला किंवा नाव पुसट आलं. जीपीएसची रेघ भुयारात शिरल्यावर एकदम दोन स्थानकं पुढे उगवते. प्रती सुरक्षित राहाव्यात म्हणून फोटो लगोलग भावाला व्हॉट्सॲपवर पाठवत होते, तर त्या प्रतींमधून फोटो काढल्याची मूळ वेळच गेलेली. प्रवासाच्या कार्डाचा इतिहास काढून पाहिला, पण त्यात आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची नोंद असते, मधल्या स्थानकांबद्दल तो मुका.

साक्षीदारांचं तर विचारूच नका. चार सहप्रवाशांनी आनंदाने सह्या दिल्या. चौघांनी लिहिलं, ‘यांना प्रवास करताना पाहिलं.’ कुठून कुठपर्यंत, किती वाजता, काही नाही. चूक त्यांची नाही, मी कोरा कागद पुढे केला होता.

आणखी एक शंका स्थानकांच्या संख्येची. दिल्ली मेट्रोवर २०२१ मध्ये झालेले दोन विक्रम पाहा: १४ एप्रिलचा २८६ स्थानकांचा, १५ तास २२ मिनिटं ४९ सेकंदांत, आणि २९ ऑगस्टचा २५४ स्थानकांचा, १६ तास २ मिनिटांत. आकडे एवढे वेगळे दिसले की प्रश्न पडतोच. दोन मार्गिका भेटतात ते स्थानक एकदा धरायचं की दोनदा? माझ्या यादीत अशी बरीच स्थानकं आहेत.

ज्यांनी असा किंवा कुठलाही वेळेचा विक्रम करून कागदपत्रं पाठवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

तुम्ही सराव करून स्वतः तपासणी केलीत, हे फार चांगलं केलंत. बहुतेकांना हे सगळं विक्रम झाल्यावर कळतं.

घड्याळं जुळवत बसू नका, फरक नोंदवा. निघण्याआधी स्थानकातल्या अधिकृत घड्याळासमोर उभं राहून प्रत्येक कॅमेऱ्याने आणि फोनने तेच घड्याळ टिपा, मनगटी घड्याळही त्याच चौकटीत धरा. शेवटी पुन्हा तेच करा. कुठलं यंत्र किती पुढे-मागे होतं आणि दिवसभरात किती सरकलं, दोन्ही निघतं. नोंदवहीला मात्र एकच घड्याळ.

पाटीच्या मागे लागू नका. गाडीतली उद्घोषणा स्थानकाचं नाव स्वतःच सांगते, तो आवाज नीट येऊ द्या. दारं उघडली की कॅमेरा दाराकडे वळवून नाव आणि वेळ मोठ्याने बोला. चढताना डब्याचा क्रमांक टिपा आणि उतरताना तोच क्रमांक पुन्हा टिपा. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीत तुम्ही ‘अ’ला चढलात, ‘ह’ला त्याच डब्यातून उतरलात, तर मधल्या एखाद्या स्थानकाचा फोटो बिघडला तरी साखळी तुटत नाही. परीक्षकाला सुटे फोटो नकोत, एकातून दुसरं निघणारा सलग प्रवास हवा असतो. फट पडणार असेल तर ती कुठे पडेल हे तुम्ही ठरवा: फाइल ४ जीबीला पोचण्याआधी, दोन स्थानकांच्या मध्ये, स्वतःच नवी सुरू करा आणि तेवढ्या वेळापुरतं फोनवर चित्रीकरण चालू ठेवा.

स्थानकांची यादी रेल्वे प्रशासनाने प्रसिद्ध केलेली घ्या आणि ती विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेला (उदा. गिनेस) आधीच पाठवून लेखी होकार मिळवा. २०१७ मध्ये जेफ मार्शल आणि विकी पाइप यांनी ब्रिटनची २,५६३ स्थानकं केली. तो वेळेचा विक्रम नव्हता, तरी कुठली स्थानकं धरायची हे निघण्याआधी पक्कं होतं.

प्रतिसाद:

साक्षीदारांबद्दल. छापील तक्ता न्या: नाव, सही, कुठून, कुठपर्यंत, वेळ, गाडीचा क्रमांक. अनोळखी प्रवाशांच्या सह्या घ्याच, पण भिस्त ठरवून बोलावलेल्यांवर ठेवा. नातेवाईक नकोत. एकाची पाळी संपायच्या आधी दुसरा चढलेला असू द्या, आणि ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याने लिहावं. गिनेसकडे अर्ज अजून केला नसेल तर आधी तो करा. नेहमीच्या मार्गाने उत्तर यायला साधारण १२ आठवडे लागतात, आणि तुमच्या विक्रमाचे नेमके नियम त्यानंतरच हातात येतात. चित्रीकरणाची लेखी परवानगी त्याच काळात प्रशासनाकडून घ्या आणि तिची प्रत दिवसभर खिशात ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. डब्याच्या क्रमांकाचं मला सुचलंच नव्हतं! अर्ज परवाच केला, सोबत स्थानकांची यादी आणि दोन मार्गिकांच्या स्थानकांचा प्रश्नही लेखी विचारलाय.

काल तीच ६२ स्थानकं पुन्हा केली. वेळ सहा मिनिटांनी वाढली, पण ५९ स्थानकं पहिल्या तपासणीतच निर्विवाद निघाली. उरलेली तीन गर्दीच्या वेळची. दारापर्यंत हात पोचत नव्हता आणि उद्घोषणा कोलाहलात बुडाली. त्या तिन्ही ठिकाणी डब्याचा क्रमांक दोन्ही टोकांना आहे, साक्षीदाराचा तक्ताही आहे. एवढ्यावर भागतं का, की गर्दीच्या वेळी ध्वनिमुद्रक वेगळा ठेवावा? कोणी वापरला असेल तर कुठे अडकवलात तेही सांगा, कॉलरला लावला तर कपड्यांची खसखसच जास्त येते.