मदत हवी आहे: ३५० इंजिनावर अल्टरनेटर बसवू कुठे?

मंडळी, मी ओहायोत असतो. गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्डचा हॉट रॉड (जुन्या गाडीत दमदार इंजिन घालून केलेली गाडी) जुळवतोय. इंजिन शेव्हीचं (शेव्हरोलेचं) ३५० घन इंचांचं, आखूड वॉटर पंपवालं. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) वर लावला की बॉनेटच्या बाजूच्या पत्र्याला घासतो. बॉनेट काढून गाडी फिरवा म्हणतात, मला नाही पटत. खाली डावीकडे स्टिअरिंग बॉक्स, उजवीकडे मेकॅनिकल फ्युएल पंप. तो काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावला तर उजवी बाजू मोकळी होते, पण एक्झॉस्टची धग अल्टरनेटर किती सोसेल? शिवाय पुलीला बेल्टचा वेढा कमी पडला तर तो घसरणार. छोटा डेन्सो कंपनीचा अल्टरनेटर कुणी खाली बसवलाय का? ब्रॅकेटचा फोटो टाका, आणि बेल्ट ताणायची सोय कुठे केलीत तेही सांगा.