‘विनायिती’ला मराठीत काय लिहायचं : माफी, सूट की शिथिलता?

खानापूरहून प्रश्न : आमच्या मराठी शाळेत निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश कन्नडमधून येतो. ‘तरबेतीयिंद विनायिती’ हे शब्द त्यातलेच; ‘तरबेती’ म्हणजे प्रशिक्षण, ‘विनायिती’ म्हणजे त्यातून मोकळीक. आमच्या एक बाई सात महिन्यांच्या गरोदर आहेत. त्यांच्या अर्जाचा मराठी खर्डा मी केला, ‘प्रशिक्षणातून माफी मिळावी’. बाईंनी माझ्याच पेनाने ‘माफी’वर काट मारली. म्हणाल्या, “सर, मी गुन्हा काय केलाय?” मग शब्द कोणता?

निपाणीहून : बाईंचं बरोबर आहे. माफी शिक्षेला, कर्जाला, फीला. ‘सूट’ लिहा. ‘सवलत’ नको, सवलतीच्या पासवालाही बसमध्ये चढतोच. आणि ‘तरबेती’ परकी समजू नका, जुन्या मराठीत ‘तरबेत’ म्हणजे शिकवून तयार केलेला.

बेळगावहून : ‘शिथिलता’ मात्र सांभाळून वापरा, शिक्षकांना हा घोळ महागात पडलाय. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 23 मध्ये शिक्षकांची किमान पात्रता ‘शिथिल’ करायचा अधिकार केंद्राला आहे, तोही मुदतीपुरता. 2017 च्या दुरुस्तीने सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत वेळ मिळाला. स्टाफरूममध्ये मात्र बोलणं एकच, “आपल्याला सूट मिळाली.” मिळाली होती मुदत! पात्रता मिळवायचीच होती. माझ्या ओळखीचे एक सर त्या एका शब्दावर विसंबून राहिले आणि पात्रतेच्या अभ्यासक्रमाला प्रवेशाचा अर्जच भरला नाही. अजून वाईट वाटतं.

खरी सूट बघायची तर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2025 चा टीईटीवरचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवरचा, निकाल वाचा. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरली, त्यांना टीईटीविना निवृत्तीपर्यंत राहता येतं. बढती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागते. म्हणजे नियम त्यांनाही आहे, सक्ती तेवढी उठली. ज्याला नियम लागूच नाही, तो ‘वगळलेला’. बाईंचं नाव निवडणूक कामाच्या यादीत आहे, म्हणून त्यांना ‘वगळावे’ लिहिलं तर निराळी मागणी होईल.

खानापूरहून : बाईंना वाचून दाखवलं. आता अर्जात असं आहे : ‘प्रसूतीची तारीख जवळ असल्याने निवडणूक प्रशिक्षणास हजर राहण्यापासून सूट मिळावी, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.’ कन्नड प्रतीत ‘विनायिती’ तसंच ठेवलंय. सही करून बाईंनी दोन्ही प्रती आजच दिल्या.